दर वर्षी वॉटरप्रूफिंग, तरी दर सप्टेंबरला गळती: सोलापुरात गच्चीचा ठेकेदार कसा पारखायचा

मे महिन्यात गच्चीला कोट मारून घेतला. जूनच्या सरींत घर कोरडं राहिलं, ठेकेदाराचा हिशेब चुकता झाला. मग सप्टेंबरात परतीच्या पावसाने दोन रात्री मुक्काम ठोकला आणि हॉलच्या त्याच कोपऱ्यात तीच ओल, तेच पोपडे. जुळे सोलापूर असो, विडी घरकुल असो की होटगी रोड, ही तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. मग दुसरा ठेकेदार, दुसऱ्या कंपनीचा डबा, पुन्हा मे महिना.

बहुतेक वेळा दोष डब्यातल्या मालात नसतो. पाणी नेमकं कुठून शिरतंय हे न शोधताच त्यावर थर चढवलेला असतो. शिवाय सोलापूरच्या पावसाची चाल वेगळी आहे. वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला सर्वात पावसाचा महिना सप्टेंबर. जून-जुलैच्या भुरभुरीत सदोष कामही टिकून जातं. खरी परीक्षा व्हायच्या आतच पैसे दिले गेले, की ठेकेदाराला परत यायचं कारणच उरत नाही. म्हणून विश्वासू माणूस ओळखायचा तो तीन जागी: पहिल्या भेटीत तो काय तपासतो, कोटेशनमध्ये काय लिहितो आणि शेवटचा हप्ता कधी मागतो.

फोन करण्याआधी गळतीचं वेळापत्रक मांडा

ठेकेदाराला बोलावण्याआधी आठवडाभर वहीत नोंद ठेवा. पाऊस किती वाजता सुरू झाला, ओल किती वाजता दिसली, कुठे दिसली. एवढ्यावर अर्धं निदान होतं.

पाऊस सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत थेंब पडू लागले तर पाण्याला सरळ वाट आहे. स्लॅबला आरपार तडा, पावसाळी पाइपाभोवतीचा सांधा, किंवा डिश-सोलरच्या स्टँडसाठी पाडलेलं भोक. पाऊस थांबून एक-दोन दिवस झाले आणि मग ओल उमटली, ऊन पडलं तरी चार दिवस राहिली, तर जुन्या कोब्याच्या, म्हणजे स्लॅबवरच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थराच्या, पोटात पाणी साठतंय. विटांचे तुकडे स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात आणि सावकाश खाली सोडतात. अशा गच्चीवर वरून कितीही भारी कोट मारला तरी आत कोंडलेलं पाणी उन्हाने वाफ होऊन कोटाला फुगे आणतं. मे महिन्यात मारलेला कोट ऑगस्टमध्ये पापडासारखा सुटतो तो यामुळे.

ओल भिंतीच्या वरच्या कडेने, स्लॅब आणि भिंत मिळतात तिथे पट्ट्यासारखी असेल तर गुन्हेगार वर कठड्याच्या बुडाशी असतो. गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यात सिमेंटची गोलाई केलेली असते, तिला वाटा म्हणतात. उन्हाने स्लॅब ताणतो, रात्री आखडतो. चाळीस फुटी गच्चीत 30 अंशांच्या फरकाने ही हालचाल साडेतीन-चार मिलिमीटर होते. कठडा तेवढा हलत नाही, म्हणून वाटा सुटतो. केसाएवढी फट दिसते, पण ती गच्चीच्या चारी बाजूंनी फिरलेली असते.

पंख्याच्या हुकातून किंवा लाइटच्या डब्यातून थेंब येत असेल तर त्याच्या बरोबर वर शोधू नका. स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून पाणी दहा-पंधरा फूट प्रवास करून तिथे बाहेर पडतं. आधी त्या खोलीचा एमसीबी पाडा, मग बाकीचं.

आणि बारा महिने, पाऊस नसतानाही ओल असेल तर गच्चीचा ठेकेदार बोलावूच नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी गच्चीवर मोठ्या टाक्या. रात्री टाकीचे सगळे कॉक बंद करा, पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा, सकाळी पाहा. पातळी उतरली असेल तर टाकी किंवा तिचा सांधा गळतोय. नाही उतरली तर कॉक उघडे ठेवून, घरातला एकही नळ न उघडता तीच चाचणी पुन्हा करा; आता उतरली तर पाइप. हे काम प्लंबरचं. टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप गच्चीवरच सोडलेला असेल तर तोही वाढवून खाली उतरवून घ्या. पाणी सुटतं त्या दिवशी तास-तासभर एकाच जागी धार पडली की कुठलाही कोट तिथे आधी मरतो.

नव्या फ्लॅटचं आणखी एक. प्रकल्प रेराखाली, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याखाली, नोंदलेला असेल तर ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. आधी त्याला लेखी कळवा. स्वतः ठेकेदार लावून गच्ची फोडलीत तर उद्या बिल्डर तेच बोट दाखवेल.

पहिली भेट: हातात हातोडी आहे का?

पहिल्या भेटीत ठेकेदार जिन्यातूनच मान वर करून गच्ची पाहतो आणि चौरस फुटाचा दर सांगतो, तेव्हा चहा पाजून निरोप द्या. जाणकार माणूस किमान अर्धा तास घेतो आणि आधी खालची खोली पाहतो, मग गच्ची.

वर गेल्यावर तो हातोडीच्या मागच्या बाजूने कोबा ठोकत फिरला पाहिजे. धड कोबा टणटण वाजतो. सुटलेला ढबढब वाजतो, रिकाम्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. पोकळ जागा तो खडूने आखतो. आखलेला भाग एकूण गच्चीच्या पाव हिश्श्याच्या आत असेल तर तेवढाच फोडून भरता येतो. अर्ध्याच्या पुढे गेला तर जुना कोबा पूर्ण काढण्याला पर्याय नाही, आणि हे तोंडावर सांगणारा माणूस महाग वाटला तरी खरा.

दुसरं, पाणी कुठे साठतं ते तो पाहतो. कोरड्या गच्चीवरही हे दिसतं: डबकं वाळताना मातीची वर्तुळं मागे ठेवतं, आणि बाहेरच्या वर्तुळापर्यंत पाणी पोहोचलेलं असतं. उतार किमान 1:100 हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. लेव्हल पाइप किंवा लेझर लावून तो मोजायचा असतो, बादलीभर पाणी ओतून अंदाज बांधायचा नसतो.

मग पावसाळी पाइप. साधारण 40 चौरस मीटरला, म्हणजे 430 चौरस फुटांना एक 4 इंची पाइप हा हिशेब धरा. 25 बाय 40 च्या गच्चीला तीन लागतात. प्रत्यक्षात बऱ्याच घरांना अडीच इंची एक-दोनच असतात, त्यांच्या तोंडाला गाळ आणि प्लास्टिकची पिशवी. सप्टेंबरच्या झडीत गच्चीचं तळं होतं आणि पाणी कठड्याच्या बुडाशी चढून वाट्यातून आत जातं. पाइप वाढवा असं न सांगता नुसता कोट विकणाऱ्याचं काम पुढच्या वर्षी पुन्हा निघणार.

शेवटी छताची खालची बाजू. प्लास्टर फुगलेलं, गंजाचे तांबूस डाग, सळई उघडी पडलेली असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि हा सल्ला ठेकेदाराने आपणहून द्यायला हवा. सळई गंजून फुगली की काँक्रीट फोडते. वरून पाणी बंद केलं म्हणून सुरू झालेला गंज थांबत नाही. मोकळं काँक्रीट खरवडून, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरावं लागतं.

एक प्रश्न मात्र तुम्ही आवर्जून विचारा: जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकू का? "हो, टाकू की" असं झटकन उत्तर आलं तर तिथेच थांबा. सरासरी 4 इंच जाडीचा कोबा 1000 चौरस फुटांवर 17-18 टन भरतो. जुना तेवढाच आधीच वर आहे. तीस-चाळीस वर्षांच्या स्लॅबवर हा दुहेरी बोजा घालणं म्हणजे गळती थांबवण्यासाठी छत धोक्यात घालणं.

कोटेशन कसं वाचायचं

"टेरेस वॉटरप्रूफिंग, दर अमुक, गॅरंटी 10 वर्षं." अशा एका ओळीच्या कोटेशनवर सही करू नका. तीन जणांकडून घ्या, पण तिघांना कामाची यादी तुम्ही द्या, नाहीतर एकाचा कोबा आणि दुसऱ्याचा रंग यांचे दर शेजारी ठेवून तुलना होते. यादीत फोडकाम व राडारोडा उचलणं, तडे भरणं, वाटा, कठड्यावर चढवायची उंची (किमान 1 फूट), पाइपांची तोंडं, मुख्य थराचा माल आणि त्याची मात्रा, पाण्याची चाचणी, जीएसटी धरून की वगळून, एवढं तरी हवं. मोजमाप दोघांनी मिळून टेपने घ्यायचं. कठड्याचा चढ क्षेत्रफळात धरला की नाही, यावर पुढे हमखास वाद होतो.

मात्रेचा हिशेब सोपा आहे आणि फसवणूक सर्वात जास्त इथेच होते. 1 लिटर माल 1 चौरस मीटरवर पसरला की ओला थर बरोबर 1 मिलिमीटर होतो. 1000 चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. समजा ठेकेदाराने अख्ख्या गच्चीला 20 लिटरची एकच बादली वापरली, तर ओला थर भरला 0.2 मिलिमीटर, वाळल्यावर त्याहून पातळ. कागदाच्या दोन-तीन पानांएवढा. सोलापूरच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात तो एक उन्हाळाही काढत नाही. डब्यावर "दोन कोटांना लिटरमागे 20 चौरस फूट" असं लिहिलं असेल तर 1000 फुटांना 50 लिटर, म्हणजे अडीच बादल्या लागतातच. कोटेशनमध्ये बादल्यांची संख्या लिहून घ्या. माल सीलबंद तुमच्यासमोर उघडायचा, आणि रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवायच्या. बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा, वॉरंटीच्या वेळी लागतो.

डांबरी शीट, म्हणजे एपीपी मेम्ब्रेन लावणार असतील तर रोल मोजा. एक रोल 1 मीटर रुंद, 10 मीटर लांब. बाजूचा ओव्हरलॅप 10 सेंटिमीटर आणि टोकाचा 15 धरला की रोलमागे जेमतेम 9 चौरस मीटर झाकतं. 25 बाय 40 च्या गच्चीला कठड्यावरच्या एक फूट चढासह साधारण 12 रोल. नऊ-दहा रोलमध्ये उरकतो म्हणणारा ओव्हरलॅप खाणार, आणि पाणी शिरतं ते ओव्हरलॅपमधूनच. काळी उघडी शीट आपल्या उन्हात लवकर तडकते, तेव्हा वर खडीचा थर असलेली शीट घ्या किंवा तिच्यावर संरक्षक थर लिहून घ्या.

कोबा असेल तर मसाला 1:4 (सिमेंट:वाळू), विटांचे तुकडे भाजके आणि आदल्या दिवशी भिजवलेले. लिक्विड कंपाउंडचं प्रमाण डब्यावर असतं. बऱ्याच कंपन्यांचं सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला 200 मिली. "जास्त टाकलं की जास्त पक्कं" ही समजूत चुकीची आहे, प्रमाणाबाहेर गेलं की मसाला कमजोर होतो.

आणि पांढरा उष्णतारोधक रंग हे वॉटरप्रूफिंग नाही. तो घर गार ठेवतो, हे खरं आणि सोलापुरात मोलाचंही. पण तडा भरलेला नसेल तर त्यातून पाणी जातंच. दोन्ही कामं एकाच दरात विकणाऱ्याला विचारा, डब्यावर वॉटरप्रूफिंग लिहिलंय का.

काम कधी, पैसे कधी

इथे आपल्या गावाचं कॅलेंडर कामाला येतं. गड्ड्याची यात्रा उरकली की ठेकेदार ठरवायला घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत ते मोकळे असतात, नीट पाहायला येतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात फोन केलात तर हातात दहा कामं घेतलेला माणूस घाईने येतो आणि घाईने जातो.

सिमेंटचं काम, म्हणजे कोबा, वाटा, प्लास्टर, होळीच्या आत संपवा. त्याला किमान 7 दिवस पाणी साठवून ठेवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात कोबा तासाभरात कोरडा पडतो, वर जाळीसारखे तडे येतात, आणि नेमकं तेव्हाच शहरात पाण्याची ओढ असते. टँकरचा खर्च वाचवण्यासाठी क्युरिंग दोन दिवसांत गुंडाळलं जातं. कोटिंग मात्र मार्च-एप्रिलमध्ये चांगलं बसतं: सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर, गच्ची पूर्ण वाळलेली हवी. वाळली की नाही ते पाहायला दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा.

काम झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून पाणी भरायचं आणि 48 ते 72 तास ठेवायचं. 1000 फुटांच्या गच्चीवर सरासरी 50 मिलिमीटर पाणी म्हणजे साडेचार हजार लिटरच्या वर, एक टँकर. तो कोणी आणायचा हे कोटेशनमध्येच लिहा, कारण टँकरच्या वादात ही चाचणी बहुतेक ठिकाणी राहून जाते. पाण्याचं वजनही चौरस मीटरला 50 किलो होतं, तेव्हा स्लॅब जीर्ण असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय भरू नका.

पैशांची वाटणी अशी बसवा: माल गच्चीवर उतरल्यावर 30 टक्के, फोडकाम, तडे आणि वाटा पूर्ण झाल्यावर 30, पाण्याची चाचणी पास झाल्यावर 30. उरलेले 10 टक्के दसऱ्यानंतर. ही शेवटची अट ऐकून ठेकेदाराचा चेहरा पाहा. स्वतःच्या कामावर भरवसा असलेला माणूस थोडी घासाघीस करेल, पण मान्य करेल. निम्म्याहून जास्त अ‍ॅडव्हान्स आधी मागणारा आणि दसऱ्याची अट धुडकावणारा, या दोघांना टाळा.

संदर्भ विचाराल तर तो नुकत्या झालेल्या कामाचा नको. किमान दोन सप्टेंबर पाहिलेली तीन घरं मागा आणि एका घरी स्वतः जाऊन वरच्या मजल्याचं छत पाहा. घरमालकाला एवढंच विचारा: गळलं होतं का, आणि गळल्यावर हा परत आला का? पहिल्याचं उत्तर "हो" आणि दुसऱ्याचंही "हो" असेल तरी तो माणूस चांगला.

जीएसटी लावत असेल तर बिलावर 15 अक्षरी क्रमांक हवा, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आणि पोर्टलवर टाकून नाव जुळतं का ते पाहता येतं. लहान ठेकेदाराची नोंदणी नसणं हा गुन्हा नाही. नोंदणी नसताना जीएसटी आकारणं मात्र आहे.

पत्र्याचं छत आणि माळवद

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या माग-शेडचं दुखणं वेगळं. 30 फुटी लोखंडी पत्रा सकाळ-दुपारच्या 40 अंशांच्या फरकात चार मिलिमीटरच्या वर लांब-आखूड होतो. रोजच्या या ओढाताणीत स्क्रूचं भोक लांबट होतं, खालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो, मागाच्या हादऱ्याने स्क्रू ढिला पडतो. वरून डांबर किंवा सिलिकॉन थापणं हे वर्षभराचं काम. चांगला ठेकेदार स्क्रू काढून एक नंबर जाड आकाराचा, ईपीडीएम (उन्हात टिकणाऱ्या रबराच्या) वॉशरचा नवा बसवतो आणि वॉशर किंचित फुगेल एवढंच आवळतो. ड्रिल मशीन पूर्ण दाबून वॉशर चेपणारा कारागीर पहिल्या दिवशीच गळतीची सोय करून ठेवतो. टोकाचा ओव्हरलॅप किमान 6 इंच आहे का आणि पन्हाळीला तळात गंजाची भोकं आहेत का, हेही त्याच फेरीत पाहून घ्या.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवर थेट पाय ठेवणारा कामगार चढू देऊ नका. फळी टाकून, सेफ्टी बेल्ट लावूनच. हे पत्रे आवाज न करता फुटतात आणि माणूस थेट खाली येतो. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं, म्हणून कोरडं कापणं-ड्रिल करणंही नको.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या माळवदाला, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छताला, सिमेंटचा थर देऊ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. लाकडावरच्या मातीत ओल कोंडली की तुळया आतून कुजतात. पाणी साठवण्याची चाचणी तर तिथे कधीच नाही. पांढऱ्या मातीचं काम जाणणारा गवंडीच शोधा.

वॉरंटी आणि तक्रार

वॉरंटीच्या कागदावर पत्ता, क्षेत्रफळ, मालाचं नाव, बॅच नंबर, काम संपल्याची तारीख आणि "तक्रारीनंतर इतक्या दिवसांत येऊन पाहणी" हे सहा तपशील असतील तरच तो कागद. कंपनीची वॉरंटी बहुधा मालापुरती असते. मजुरीची हमी ठेकेदाराची, ती वेगळी लिहून घ्या. नंतर सोलर किंवा डिशसाठी भोक पाडलं की वॉरंटी जाते, म्हणून ते स्टँड वॉटरप्रूफिंगच्या आधीच बसवून घ्या, किंवा स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करा.

गळती पुन्हा निघाली तर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तारखेसह फोटो, मग रजिस्टर पत्र. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. कोटेशन, बिल, बादल्यांचे फोटो आणि पाण्याच्या चाचणीच्या दिवशीची दोघांच्या सहीची नोंद सोबत हवी.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ठेकेदाराला बोलावून त्याच्यासोबत गच्ची आणि खालच्या खोल्या एकदा फिरा. वाट्यावर हातोडी ठोका, पाइपांच्या जाळ्या काढून गाळ पाहा, छताला कोपऱ्यांत हात लावा. कोरडं असेल तर तिथेच राहिलेले 10 टक्के द्या आणि पावतीवर तारीख घालून घ्या.